निळी बाजू

आमच्या गावात नोव्हेंबर लागला की दोन गोष्टी ठरलेल्या. साखर कारखान्याचा बीटाचा हंगाम ऐन भरात येतो आणि अख्खं गाव उकडलेल्या बीटाच्या गोडसर, कुबट वासानं भरून जातं. दुसरं म्हणजे घरोघरच्या खिडक्या बंद होतात. बंद म्हणजे नुसती कडी लावून नव्हे. आतलं एक तावदान, बाहेरचं एक तावदान, मधल्या फटीत कापसाची जाड वळकटी, आणि कडेकडेनं खळ लावून चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या. एकदा हे झालं की ईस्टरपर्यंत खिडकीला हात लावायचा नाही. थंडीत ज्याची खिडकी उघडी त्याच्या डोक्याचाही पेच ढिला, असं आमच्याकडे तोंडावर सांगतात.

गेनियाच्या घरी हे काम तिचा नवरा झिगमुंट करायचा. त्या वर्षीही त्यानंच केलं, पट्ट्यांवरून अंगठा फिरवत फिरवत, एक सुरकुती म्हणून राहू न देता. आणि थोड्याच दिवसांत एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हातात पुठ्ठ्याचं एक कार्ड होतं. त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'स्नो'.

आता हे कार्डांचं खूळ काय ते आधी सांगायला हवं.

झिगमुंट कारखान्याच्या काट्यावर होता. जन्मभर त्यानं बीटाच्या गाड्या तोलल्या आणि जन्मभर गाडीवाल्यांशी गप्पा हाणल्या. गेनिया कारखान्याच्याच कॅन्टीनमध्ये सूप रांधायची. दोघांची ओळख झाली तीच मुळी भांडणातून. सूप खारट झालं म्हणून तो वाडगा घेऊन तिच्यापुढे उभा राहिला, तर ही म्हणाली, "मग घाल की तुझ्या काट्यावर, बघ मीठ किती टन झालंय ते!" त्याच माणसाशी तिनं लग्न केलं आणि पुढं आयुष्यभर त्याला अळणी खायला घातलं. बाईची जीभच तशी. पण मन असं की शेजारी कुणी आजारी पडलं तर डॉक्टरच्या आधी हिचं सूप पोचायचं.

मुलगी एकच, इवोना. ती इंग्लंडात गेली, तिथल्याच माणसाशी तिनं संसार थाटला. तिची पोर नेला, सहा वर्षांची. तोंडात इंग्रजीखेरीज शब्द नाही. उन्हाळ्यात दोघी आल्या तेव्हा नेला बागेत आजोबांपुढे उभी राहिली आणि कितीतरी वेळ हातवारे करून काहीतरी सांगत राहिली. गोगलगायीबद्दल असावं, हातात गोगलगाय होती. झिगमुंट नुसता हसत उभा. शेवटी पोर घरात गेली आणि आईला तिनं काहीतरी विचारलं. इवोनाला हसू आवरेना.

"काय म्हणते?" झिगमुंटनं विचारलं.

"काही नाही हो बाबा. विचारतेय, जादेक बिघडलाय का?"

जादेक म्हणजे आमच्याकडे आजोबा. तेवढाच एक शब्द त्या पोरीला आपला येत होता, आणि तो हा असा तिनं वापरला. गेनिया पोट धरून हसली. झिगमुंट हसला नाही. त्या रात्री तो जेवलाही नाही नीट.

पाहुण्या गेल्यावर त्यानं माळ्यावरून कारखान्याची जुनी कॅलेंडरं काढली, पुठ्ठे कापून कार्डं केली, आणि एक लांबट लाकडी पेटी ठोकली. पेटीत तीन कप्पे: कच्चे, अर्धे, पक्के. कार्डाच्या एका बाजूला लाल पेन्सिलीनं इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला निळीनं आपला पोलिश. गेनियानं निळी बाजू वाचायची, त्यानं इंग्रजी सांगायचं. बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर पुन्हा कच्च्यात.

"अरे म्हाताऱ्या, या वयात? पालथ्या घड्यावर पाणी!" गेनिया म्हणायची. "त्यापेक्षा पोरीला आपली भाषा शिकवायला सांग तिच्या आईला."

"विगिलियाला येणार आहेत त्या, ख्रिसमसच्या आदल्या रात्री जेवायला. तोवर मी बोलणार पोरीशी. शब्द दिलाय."

"कुणाला दिलायस?"

"स्वतःला. तू वाच गुमान."

ती वाचायची. 'श्न्येग,' ती म्हणायची, म्हणजे बर्फ. तो डोळे मिटून बसायचा, कपाळावर आठ्या, आणि 'स्नो' काही आठवायचा नाही. जन्म बर्फात गेला गड्याचा, पण तोच शब्द रोज कच्च्यात. एका कार्डावर तिनं निळी बाजू पाहिली तर तिथं 'बायको' असायला हवं होतं, आणि यानं लिहिलं होतं 'गेनिया'. दुसऱ्या बाजूला 'वाइफ'.

"हे काय? हा काय पोलिश शब्द झाला?" ती म्हणाली.

"मला तरी दुसरा ठाऊक नाही," तो म्हणाला. गेनियानं त्याला चावट म्हाताऱ्या म्हटलं, पण तिचे कान लाल झाले होते.

आणि विगिलियाला महिना राहिला असताना तो असा गेला.

शेजारच्या स्तेफानियाबाई धावत आल्या. गावात कुणी गेलं की न्हाऊ घालायला, कपडे चढवायला, जपमाळ सांगायला त्याच. त्यांनी आरशावर चादर टाकली, घड्याळाचा लोलक धरून थांबवला आणि म्हणाल्या, "गेनियाबाई, खिडकी उघडा."

"खिडकी कशी उघडू? परवाच तर लावल्यात त्यानं."

"अहो, जीव जायला वाट नको? देह दारानं जातो, जीव खिडकीनं."

"एवढ्या मेहनतीनं पट्ट्या लावल्यात, आता फाडल्या तर मला खाईल तो," गेनिया म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून तिचे डोळे भरले. खिडकी तिनं उघडली नाही. बाहेर हाडं फोडणारी थंडी होती, कोळसा बेताचा होता, आणि तिला त्या पट्ट्यांवर त्याचे अंगठे दिसत होते. स्तेफानियाबाईंनी छातीवर क्रूस काढला.

इवोना एकटीच येऊन माती देऊन परत गेली. विगिलियाला नेलाला घेऊन येते म्हणाली.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी गेनियानं 'स्नो'चं कार्ड कच्च्या कप्प्यात ठेवलं, पेटीचं झाकण लावलं आणि ती चर्चला गेली. परतली तर झाकण उघडं. 'स्नो' पक्क्या कप्प्यात, सगळ्यांत पुढं.

ती तडक शेजारी गेली. "स्तेफानियाबाई, माझ्या घरात पाय ठेवलात ते ठेवलात, पण त्याच्या पेटीला हात का लावला?"

"मी? मी सकाळपासून इथं कोबी चिरतेय! आणि तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे कुठाय?"

हे खरंच होतं. गेनिया घरी आली. अंगातला कोट न काढताच ती खुर्चीसमोर उभी राहिली. खुर्चीच्या गादीत त्याच्या बैठकीचा खळगा होता, तो रोज असायचा तसाच. तिनं कच्च्यातलं एक कार्ड काढलं आणि निळी बाजू मोठ्यानं वाचली. "उइश्का." म्हणजे चमचा. काही झालं नाही. शेगडीतला निखारा तेवढा फुटला. तिनं कार्ड खुर्चीच्या हातावर ठेवलं, बादली उचलली आणि ती तळघरातून कोळसा आणायला गेली. वर आली तेव्हा कार्ड खुर्चीवर नव्हतं. अर्ध्या कप्प्यात होतं.

गेनियाची पाचावर धारण बसली. बादली तिथंच टाकून ती जिन्यात जाऊन बसली, स्वयंपाकघरातले दिवे जळत ठेवून. पण बाई कॅन्टीनची, चाळीस माणसांच्या शिव्या ऐकून सूप वाढणारी. अंधार पडायला लागला, जिन्यात गारठा वाढला, तशी ती उठली, आत गेली आणि म्हणाली, "शिकायचंच आहे तर नीट शीक. चमचा अर्ध्यातच का? पूर्ण नाही आला?"

तिथून पुढं रोजचा नेम झाला. ती निळी बाजू वाचायची, कार्ड खुर्चीवर ठेवायची, आणि काही ना काही काम काढून खोलीबाहेर जायची. तो नजरेसमोर काही करत नसे. परत आल्यावर कार्ड कुठल्या कप्प्यात गेलं ते बघायचं. चुकलं असलं की ती चार शब्द सुनवायची, आलं असलं की म्हणायची, "चला, मेल्यावर का होईना, अक्कल आली!" पूर्वी तिचं लक्ष निळ्या बाजूवरच असायचं. आता कार्ड परत ठेवताना लाल बाजूही तिच्या नजरेखालून जायची, आणि तिच्याही नकळत ते शब्द तिच्या तोंडात बसले. कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की लग्नानंतर इतक्या सुखाचे दिवस आले नव्हते. पण विचारायचं कुणी? तिनं कुणाला घरात घेणंच सोडलं होतं.

घर मात्र बदलत होतं. शेगडी लालबुंद केली तरी खोली तापेना. तावदानांवरचा बर्फ आतल्या बाजूनं चढायला लागला. सकाळी आणलेल्या पावाला संध्याकाळी बुरशी. एकदा तर तिला खिडकीच्या चौकटीवर 'विंडो'चं कार्ड सापडलं. ती खिडकीपाशी गेलीही नव्हती. कार्ड तिनं कच्च्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चौकटीवर.

"माहितीय मला," ती खुर्चीकडे न बघता म्हणाली. "पोर येईस्तोवर थांब. तूच शब्द दिलायस ना? मग!"

पोरीचं नाव पुढं केलं, पण तिलाही तो हवा होता. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

विगिलिया जवळ आला. पक्का कप्पा आता नुसता ठासून भरलेला. जुने शब्द विसरला नाही ना बघावं म्हणून गेनियानं त्यातलं एक कार्ड उपसलं आणि निळी बाजू वाचायला गेली. तिथं काही नव्हतं. कोरा पुठ्ठा. तिनं उजेडात धरला, बोट फिरवलं. पेन्सिलीचा वळसुद्धा नाही. दुसऱ्या बाजूला लाल 'स्नो' मात्र आत्ता लिहिल्यासारखा ठसठशीत. तिनं दुसरं काढलं, तिसरं काढलं, मग मूठभर. पक्क्या कप्प्यातली झाडून सगळी कार्डं निळ्या बाजूला कोरी होती.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. डोक्याला रुमालही न बांधता ती स्तेफानियाबाईंकडे गेली आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. स्तेफानियाबाई हसल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली.

"माझ्या आईच्या गावात एका गिरणीवाल्याच्या बायकोनं नवऱ्याला असंच ठेवून घेतलं होतं, हिवाळाभर," त्या म्हणाल्या. "त्याला रोज गावच्या बातम्या सांगायची बिचारी. ईस्टरला खिडकी उघडली तर बाहेर जाताना त्यानं स्वतःच्या कुत्र्यालाही ओळखलं नाही. जिवंत माणसाच्या डोक्यात नवी जागा होते, गेनियाबाई. मेलेल्याच्या होत नाही. एक आत घालायचं तर एक बाहेर काढावं लागतं."

"म्हणजे इंग्रजी आत..."

"आणि आपलं सगळं बाहेर. तुम्हीसुद्धा. आजच खिडकी उघडा, माझं ऐका. अजून ओळखत असेल तोवर जाऊ द्या. नाहीतर तिकडं पोचेल आणि तुमची वाटसुद्धा बघणार नाही."

गेनिया घरी आली ती पावाची सुरी हातात घेऊनच खिडकीकडे गेली. एक पट्टी तिनं वरून अर्ध्यापर्यंत कापली. मग तिचा हात थांबला. जादेक बिघडलाय का, असं विचारणारी पोर तिला दिसली, आणि त्या दिवशी ताट तसंच सारून उठलेला झिगमुंट. आत्ता उघडली तर तो गेनियाला ओळखत असतानाच जाईल, पण तोंड मिटूनच जाईल. पोरगी आजन्म म्हणेल, माझा आजोबा मुका होता.

"तुझा शब्द मोठा का मी मोठी?" ती खुर्चीला म्हणाली. "बोल की! एरवी काट्यावर तोंड बंद नसायचं." मग तिनं सुरी जागेवर ठेवली आणि ॲप्रनमध्ये चेहरा खुपसून ती रडली. रडून झाल्यावर तिनं पेटीतून 'वाइफ'चं कार्ड शोधून काढलं. ते अजून अर्ध्या कप्प्यात होतं, निळं 'गेनिया' फिकट, पण होतं. ते तिनं ॲप्रनच्या खिशात टाकलं आणि खिशाला टाका घातला. बाकी सगळं शीक, म्हणाली, हे एक शिकायचं नाही.

विगिलियाच्या दिवशी दुपारी इवोना आणि नेला आल्या. मिठ्या झाल्या, पाप्या झाल्या. नेलाच्या पुढच्या दाताच्या जागी खिंडार होतं. तिनं टोपी काढली, खोलीत सगळीकडे बघितलं आणि खुर्चीपाशी जाऊन म्हणाली, "हॅलो, जादेक."

इवोना पांढरी पडली. "आई, मी तिला सांगितलंय गं, आजोबा देवाघरी गेले म्हणून..."

"असू दे. बोलू दे तिला. तू ते मासे बघ."

गेनिया पीठ मळायला बसली, पण तिचे दोन्ही कान खुर्चीकडे. नेला जमिनीवर फतकल मारून बोलत होती. बोलायची, थांबायची, मान वाकडी करून ऐकायची आणि खिदळायची. आपला पडलेला दात कुठं ठेवला ते सांगितलं. गोगलगायीचं सांगितलं. मधूनच गेनियाला ओळखीचा शब्द लागायचा, स्नो, गार्डन, ॲपल, आणि तिच्या छातीत काहीतरी उसळायचं. बोलतोय माझा म्हातारा! बिघडलेला नाही. पिठात दोन टिपं पडली, ती तिनं तशीच मळली. मीठ लागतंच म्हणा.

अंधारून आलं. नेलानं पहिली चांदणी दिसल्याचं ओरडून सांगितलं तशी सगळी टेबलाशी बसली; त्या रात्री चांदणी दिसल्याशिवाय आमच्याकडे जेवायला बसत नाहीत. टेबलक्लॉथखाली रीतीप्रमाणे पसरलेलं सुकं गवत होतं, आणि एक जास्तीचं ताट. आमच्याकडे त्या दिवशी न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट मांडतातच. गेनियानं ते झिगमुंटच्या खुर्चीसमोर मांडलं होतं. जेवणाआधी ओप्वातेक मोडायचा. ओप्वातेक म्हणजे पिठाची कागदाइतकी पातळ पापडी. प्रत्येकानं दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडून घ्यायचा आणि त्याच्यासाठी मनातलं चांगलं ते बोलायचं. गेनियानं इवोनाचा मोडला, नेलाचा मोडला. मग नेला उतरली आणि आपली पापडी तिनं रिकाम्या खुर्चीसमोर धरली.

टक्क असा बारीक आवाज झाला. पापडीचा कोपरा नव्हता. इवोनाच्या हातातला चमचा खाली पडला.

नेला मात्र काही ऐकत होती. मग तिनं वळून आजीकडे बघितलं आणि त्याचा प्रश्न होता तसा पोचवला. "हू इज दॅट लेडी?"

इवोनानं भाषांतर करायला तोंड उघडलं, पण गेनियानं हात वर केला. तिला कळलं होतं. एकेक शब्द तिच्या हाताखालून गेलेला. ही बाई कोण?

ती उठली. ॲप्रनच्या खिशाचा टाका तिनं दातानं तोडला आणि कार्ड बाहेर काढलं. "मी कोण? मी कोण म्हणून विचारतोस? हे बघ, तुझ्याच हातचं..." तिनं निळी बाजू खुर्चीसमोर धरली आणि धरताना तिचंही लक्ष गेलं. कोरी होती. खिशात शिवून ठेवलेलं कार्ड, तरी कोरं.

मग गेनियानं कार्ड उलटं केलं आणि लाल शब्द वाचला. "वाइफ," ती म्हणाली. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून पुन्हा म्हणाली, "वाइफ." एवढ्या वर्षांच्या संसारानंतर आपल्या नवऱ्याला आपली ओळख करून द्यायची, आणि तीही परक्या भाषेत! नेलानं त्याचं ऐकलं आणि मान हलवली. नाही, त्याला नाही आठवत.

गेनियानं आपली पापडी उचलली आणि खुर्चीसमोर धरली. आता चांगलं काहीतरी बोलायचं होतं. त्याला कळेल असं तिच्याजवळ कार्डांपुरतंच होतं. "गुड," ती म्हणाली. "गुड मॅन. हॅपी. गो. विंडो, ओपन. गो, गो." तिच्या बोटांत पापडी मोडली. बोटांना गार हवेसारखं काहीतरी लागून गेलं.

ती खिडकीकडे गेली आणि अर्धी कापलेली पट्टी तिनं ओढली. पुढच्या पट्ट्या नखांनी फाडल्या. "आई, अगं पोर गारठेल!" इवोना ओरडली. गेनियानं मधला कापूस उपसला. बाहेर एवढा बर्फ, पण तो कापूस ओला होता आणि कोमट, कुणी त्यात तोंड खुपसून इतके दिवस श्वास घेत असल्यासारखा. तिनं तो खाली टाकला आणि दोन्ही तावदानं सताड उघडली. पडदा आत यायच्याऐवजी बाहेर गेला. एकदाच, आणि मग सरळ झाला.

नेला खुर्ची सोडून खिडकीशी आली होती. ती अंगणाकडे बघून हात हलवत होती.

"काय म्हणाला?" गेनियानं तिला आपल्या भाषेत विचारलं. पोरीला ते बरोबर कळलं.

"ही सेड, थँक यू, लेडी."

गेनियानं खिडकी लावली. ती टेबलाशी बसली आणि तिनं सगळ्यांना वाढलं. बीटाचं सूप त्या दिवशी अळणी झालं होतं, पण कुणी मीठ मागितलं नाही. खोली मात्र तापायला लागली होती.

ख्रिसमसच्या सकाळी नेला पेटी घेऊन आजीच्या मांडीवर येऊन बसली. एकेक कार्ड काढायची, लाल बाजू वाचायची, आणि कोरी बाजू आजीपुढे धरून भुवया उडवायची. गेनियानं निळी पेन्सिल आणली. श्न्येग. उइश्का. ओक्नो, म्हणजे खिडकी. ती लिहायची, पोर म्हणायची, चुकायची, पुन्हा म्हणायची. तो विसरला तर विसरला, गेनिया मनात म्हणाली, मी आहे ना अजून. मग 'वाइफ' आलं. पेन्सिल थोडी थांबली आणि तिनं लिहिलं ते त्यानं लिहिलं होतं तेच.

"गेनिया," नेलानं वाचलं, थोडं चुकीचंच.

असली चूक झिगमुंटनं कधी खपवून घेतली नसती. गेनिया खुर्चीकडे कान देऊन बसली. गादीतला खळगा भरून आला होता. तिकडून कुणी काही बोललं नाही, तेव्हा तिनंच पोरीला बरोबर करून सांगितलं.